स्टंट स्कूटर खडखडते तेव्हा

पायाने ढकलत चालवायच्या स्टंट स्कूटरचं हँडल दोन्ही हातांत धरा, ती वीतभर उचला आणि हात न सोडता दोन्ही चाकांवर खाली आपटा. ‘टप्’ असा एकच भरीव आवाज आला, तर स्कूटर ठणठणीत आहे. ‘खळ्ळ’ झालं आणि मागोमाग काहीतरी थरथरत राहिलं, तर कुठला तरी सांधा ढिला आहे. ट्रिक करणारी मुलं हीच चाचणी करतात, आणि जिच्यातून फालतू आवाज येत नाही त्या स्कूटरला ‘डायल्ड’ म्हणतात.

हे आधी सांगायचं कारण असं, की नवशिक्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘कोणता पार्ट बदलू?’ हा असतो. पाय ठेवायची फळी, म्हणजे डेक, हवेत गोल फिरवायची टेलव्हिप अर्धवट राहते, हँडल गोल फिरवायचा बारस्पिन मध्येच अडकतो, उडीनंतर हँडल वाकडं होतं, आणि दोष डेकच्या किंवा चाकांच्या माथी जातो. पुष्कळदा काहीच बदलायचं नसतं. दोन-तीन मापांच्या ॲलन की आणि थोडा वेळ पुरतो. खरंच काही बदलायची वेळ आली, तरी काय बदलता येईल हे खिशापेक्षा मिलिमीटरवर जास्त ठरतं.

घडीच्या स्कूटरवर ट्रिक चालतील का?

नाही. घडी होणारी आणि हँडलची उंची कमीजास्त करता येणारी स्कूटर ये-जा करण्यासाठी असते. अशी छोटी ॲल्युमिनियमची स्कूटर लोकप्रिय केली झ्युरिखच्या विम औबोटर यांनी. सॉसेजच्या दुकानापर्यंतचं अंतर चालायला जास्त आणि सायकल काढायला कमी, ही त्यांची मूळ अडचण होती. २००० सालच्या आसपास हीच कल्पना अमेरिकेत ‘रेझर’ या नावाने धो धो खपली आणि पोरांनी त्याच स्कूटर घेऊन स्केटपार्कात उड्या मारायला सुरुवात केली. साहजिकच घडीच्या जागा आधी तुटल्या. म्हणून ट्रिकच्या स्कूटरमध्ये बिजागरी नसते, खटके नसतात, हँडल एकसंध असतं. घरात घडीची स्कूटर असेल तर तोल सांभाळायला आणि वळणं घ्यायला ती उत्तम आहे. फुटपाथवरून उडी मारायला नव्हे.

आता मुख्य सांध्याकडे

पुढचं चाक ज्या चिमट्यात बसतं तो फोर्क. फोर्कची नळी डेकच्या पुढच्या उभ्या नळीतून, म्हणजे हेडट्यूबमधून, वर येते. हेडट्यूबच्या वरच्या आणि खालच्या तोंडाशी एकेक बेअरिंग बसतं आणि या सगळ्या जोडणीला हेडसेट म्हणतात. आता बघा, फोर्क या नळीत नुसता घातलेला आहे. वरून त्याला काही धरलं नाही तर स्कूटर उचलल्यावर तो खाली घसरून येईल. म्हणून फोर्क वर ओढायचा आणि त्याच वेळी वरचं बेअरिंग खाली दाबायचं, असं दुहेरी काम कुणीतरी करावं लागतं. ते एक बोल्ट करतो. त्याला कॉम्प्रेशन म्हणतात. हँडल या जोडणीच्या वर येतं, आणि क्लॅम्प नावाचं जाड कडं फोर्क आणि हँडल असं आवळतं की हँडल वळलं की चाकही वळतं.

थोडक्यात, कॉम्प्रेशन ओढतं आणि क्लॅम्प धरतो. अर्धा गोंधळ ही दोन कामं एक समजल्यामुळे होतो. हेडसेट खडखडतो म्हणून मुलं क्लॅम्पचे बोल्ट जीव खाऊन आवळतात. आवाज तसाच राहतो आणि एक दिवस बोल्टचे आटे जातात. उलट बाजूने, क्लॅम्प घट्ट असतानाच कॉम्प्रेशनचा बोल्ट पिळला तर तोही काही ओढू शकत नाही, कारण क्लॅम्पने सगळं जागच्या जागी जखडून ठेवलेलं असतं.

नेमकं काय ढिलं आहे ते ओळखायला दोन खुणा पुरतात. पुढच्या चाकाला पायाने अडवा आणि हँडल पुढेमागे हलवा. हेडट्यूबच्या वरच्या काठावर बोट ठेवलंत तर ‘टक-टक’ जाणवेल. हा कॉम्प्रेशनचा ढिलेपणा. मग चाक दोन गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे पिळा. चाक न हलता हँडल फिरलं तर दोष क्लॅम्पचा.

दुरुस्तीचा क्रम असा. आधी क्लॅम्पचे सगळे बोल्ट सैल करायचे, पूर्ण काढायची गरज नाही. मग कॉम्प्रेशनचा बोल्ट थोडा थोडा आवळत जायचं. प्रत्येक पाव फेऱ्यानंतर पुढचं चाक उचलून फोर्क फिरवून बघायचा. टक-टक थांबली आणि फोर्क लोण्यासारखा फिरतोय, तिथे थांबायचं. जड फिरू लागला तर जास्त झालं, जरा मागे या. मग डेकवर उभं राहून खाली बघत हँडल चाकाशी काटकोनात आणायचं आणि क्लॅम्पचे बोल्ट आळीपाळीने, थोडे थोडे आवळायचे. एकच बोल्ट आधी पूर्ण आवळला तर क्लॅम्प तिरका धरतो आणि पहिल्याच जोरदार लँडिंगला हँडल फिरतं.

हे सगळं नीट करूनही टक-टक गेली नाही तर? नव्या पार्टच्या मागे लागण्याआधी फोर्कच्या नळीचं वरचं टोक बघा. ज्या स्कूटरमध्ये फोर्कवर बाहेरून एक बारीक नळी, म्हणजे शिम, चढवलेली असते, तिथे वरची टोपी शिमला दाबते आणि शिम बेअरिंगला. फोर्कचं टोक शिमपेक्षा किंचित वर आलेलं असेल तर टोपी फोर्कवरच टेकते. बोल्ट घट्ट लागतो, पण दाब बेअरिंगपर्यंत पोचतच नाही. पातळ चकतीसारखा एक हेडसेट स्पेसर घातला की काम होतं. याच एका कारणासाठी चांगले हेडसेट फेकून दिले जातात. तोही प्रयोग फसला तर मग बेअरिंग काढून बोटावर फिरवा. कचकच लागली, की तेव्हा कुठे नवं आणायचं.

एससीएस, एचआयसी, आयएचसी… ही काय भानगड आहे?

कॉम्प्रेशनचा बोल्ट कुठे बसतो आणि कशावर दाबतो याच्या या वेगवेगळ्या पद्धती. दुकानात किंवा ऑनलाइन पार्ट बघताना हीच अक्षरं समोर येतात आणि चुकीचा पार्ट इथेच येतो, म्हणून जरा सविस्तर.

आयसीएस पद्धतीत एक लांब बोल्ट फोर्कच्या खालून वर जातो आणि हँडलच्या नळीत ठोकलेल्या दातेरी नटमध्ये, म्हणजे स्टारनटमध्ये, अडकतो. म्हणजे हँडलच खाली ओढलं जातं. पद्धत साधी आहे, पण बोल्टपर्यंत पोचायला प्रत्येक वेळी पुढचं चाक काढावं लागतं. आता ती मुख्यतः जुन्या किंवा स्वस्त स्कूटरवर दिसते.

एचआयसीत फोर्कच्या नळीवर शिम बसते आणि तिच्यावरून हँडल. फोर्कच्या नळीचा बाहेरचा व्यास २८.६ मिमी असतो. शिम चढली की तो ३१.८ च्या आसपास जातो. म्हणून एचआयसीला आतून तेवढं मोठं, म्हणजेच बाहेरून ३४.९ मिमीचं ‘ओव्हरसाइज’ हँडल लागतं. आयएचसीत कल्पना तीच, फक्त फोर्कची नळी मुळातच बारीक ठेवलेली असते. शिम चढल्यावर ती २८.६ होते आणि त्यामुळे ३१.८ मिमीचं नेहमीचं ‘स्टँडर्ड’ हँडल बसतं. नवशिक्यांच्या तयार स्कूटरमध्ये हल्ली हीच पद्धत खूप दिसते. हलकी असते. पण तिची मेख अशी, की आयएचसीचा फोर्क इतर पद्धतींना सहसा चालत नाही. कॉम्प्रेशनची पद्धत बदलायची म्हणजे फोर्कही बदलायचा.

एससीएस म्हणजे उंच, जाड, बहुधा चार बोल्टचा क्लॅम्प. त्याचा खालचा अर्धा भाग फोर्क धरतो, वरचा अर्धा हँडल, आणि कॉम्प्रेशनचा बोल्ट या दोघांच्या मध्ये लपलेला असतो. इथे हँडल फोर्कवर चढत नाही, त्याच्या डोक्यावर बसतं. वजन वाढतं, पण एकदा लावलं की बराच काळ हात लावावा लागत नाही. मला विचाराल तर उड्या मारू लागलेल्या आणि दर आठवड्याला पाने घेऊन बसायचा कंटाळा असलेल्या मुलासाठी हीच पद्धत बरी. वजनाची कुरकुर पहिल्या महिन्यात संपते.

हँडलच्या खालच्या टोकाला उभी चीर आहे का, हेही बघा. एचआयसी आणि आयएचसीला ती हवी, कारण क्लॅम्प आवळताना नळीला मिटायला जागा लागते. एससीएसला ती नको, तिथे चिरेचा भाग कापून टाकावा लागतो.

चाकं आणि बेअरिंग

नवशिक्याने पहिला खर्च करायचाच असेल तर तो चाकांवर करावा. फरक पहिल्याच दिवशी कळतो. स्वस्त स्कूटरच्या चाकांचा मधला भाग प्लास्टिकचा असतो. उडीनंतर तो वाकतो आणि शेवटी चिरतो. धातूच्या गाभ्याची चाकं वर्षानुवर्षं टिकतात, झिजतं ते बाहेरचं रबरासारखं पॉलियुरेथेन. त्याचा कठीणपणा ८५ए, ८८ए असा चाकावर छापलेला असतो. आकडा जितका मोठा तितकं चाक कडक. कडक चाक गुळगुळीत स्केटपार्कात सुसाट जातं. आपल्याकडच्या खडबडीत सिमेंटवर आणि पेव्हर ब्लॉकवर मात्र थोडं मऊ चाक हाताला सुख देतं.

व्यास १०० मिमी, ११० मिमी किंवा १२० मिमी असतो आणि रुंदी बहुधा २४ किंवा ३० मिमी. मोठं चाक खड्ड्यात कमी अडकतं, पण फोर्कमध्ये आणि डेकच्या मागच्या खाचेत तेवढी जागा हवी. लहान मुलांच्या १०० मिमीच्या स्कूटरला ११० बसेलच असं नाही. आधी मोजा, मग मागवा.

मागचं चाक ब्रेकमुळे लवकर झिजतं. दोन्ही चाकं सारखीच असतील तर अधूनमधून पुढचं मागे आणि मागचं पुढे करायचं. पैसे न घालता मिळणारी ही सगळ्यात सोपी बचत. पॉलियुरेथेन गाभ्यापासून सुटून कडेला फट दिसू लागली तर मात्र चाक लगेच टाकून द्या. असं चाक धावताना पूर्ण निसटू शकतं.

बेअरिंगच्या बाबतीत एक गोष्ट आपल्या फायद्याची आहे. स्केटबोर्ड, इनलाइन स्केट आणि बहुतेक स्टंट स्कूटर, सगळ्यांना ६०८ नावाचं एकच माप लागतं. आतला व्यास ८ मिमी, बाहेरचा २२, जाडी ७. कारखान्यातल्या छोट्या मोटरींपासून फिजेट स्पिनरपर्यंत हेच बेअरिंग असतं. त्यामुळे सिडनी-लंडनला राहणारी मराठी पोरं जे स्केट शॉपमधून आणतात, ते आपल्याकडे मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा कुठल्याही शहरातल्या बेअरिंगवाल्याकडे मिळतं. ‘६०८ झेडझेड’ म्हणजे दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण, ‘६०८ टूआरएस’ म्हणजे रबराचं. पावसाळ्यासाठी रबराचंच घ्या.

बेअरिंगच्या पाकिटावरच्या एबेक ७, एबेक ९ अशा आकड्यांवर मात्र भुलू नका. तो आकडा बेअरिंग किती अचूक मापात बनवलंय आणि किती अचूक फिरतं, एवढंच सांगतो. उंचावरून तिरकं पडल्यावर ते किती सोसेल, पोलाद कसं आहे, छर्रे कसे आहेत, यातलं काही सांगत नाही. नावाजलेल्या कंपनीचं साधं बेअरिंग अनोळखी ‘एबेक ११’पेक्षा बरं. एबेकच्या मूळ प्रतवारीत १, ३, ५, ७ आणि ९ एवढेच दर्जे आहेत.

प्रत्येक चाकात दोन बेअरिंग असतात आणि त्यांच्यामध्ये एक छोटी नळी असते, स्पेसर. बेअरिंग बदलताना हीच नळी घरंगळून कुठेतरी जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग ॲक्सल, म्हणजे चाकाचा आस, आवळला की चाक जड फिरतं, सैल केला की डुगडुगतं. नेमकं मधलं काही सापडत नाही. हे लक्षण दिसलं की ग्रीस-तेलाच्या भानगडीत न पडता आधी चाक उघडून स्पेसर आहे का बघा. तो बरोबर मापाचा असेल तर ॲक्सल पूर्ण आवळूनही चाक मोकळं फिरतं.

नवं बेअरिंग बसवताना दाब बाहेरच्या कड्यावर यायला हवा. आतल्या कड्यावर हातोडी मारली तर धक्का छर्ऱ्यांतून जातो आणि बेअरिंग पहिल्याच दिवशी कचकचतं. मळलेलं बेअरिंग धुवायचं तर झाकण अलगद काढून रॉकेलमध्ये हलवायचं, पूर्ण वाळवायचं आणि मग थोडं ग्रीस किंवा पातळ मशीन ऑइल घालायचं. डब्ल्यूडी-४०चा नेहमीचा निळा-पिवळा कॅन इथे कामाचा नाही. तो गंजलेला बोल्ट सोडवायला छान, पण बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतो आणि स्वतः टिकत नाही. खरं तर रबरी झाकणाचं ६०८ इतकं स्वस्त असतं की धूत बसण्यापेक्षा बदललेलं परवडतं.

पावसात भिजलेली स्कूटर तशीच जिन्याखाली ठेवू नका. कोरड्या फडक्याने पुसा आणि चाकं चांगली फिरवून पाणी उडवा. पावसाळा संपला की हेडसेट एकदा पूर्ण उघडून, जुनं ग्रीस पुसून नवं लावा. उघडताना प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा. बेअरिंग उलटं बसलं तर कितीही आवळा, टक-टक जात नाही. स्वतः धीर होत नसेल तर गिअरच्या सायकली दुरुस्त करणाऱ्याकडे जा. स्टंट स्कूटर त्याने पाहिली नसेल, पण हेडसेटची रचना त्याला तोंडपाठ असते.

मग बदलायचं कशाच्या नंतर काय?

चाकांनंतर माझ्या मते हँडलच्या ग्रिप आणि डेकवरची खरखरीत ग्रिपटेप, कारण खर्च कमी आणि हाता-पायांची पकड लगेच सुधारते. त्यानंतर फोर्क आणि कॉम्प्रेशन, दोन्ही एकत्र. हँडल आणि डेक शेवटी, मूल एवढं खेळलंय की त्याला काय हवं ते स्वतः सांगू शकतं, तेव्हा. स्केटपार्कात हवेत फिरवणाऱ्याला हलका, अरुंद डेक लागतो. कठड्यांवर, पायऱ्यांवर घासत जाणाऱ्याला रुंद, चौकोनी टोकांचा डेक लागतो. पहिल्या सहा महिन्यांत यातलं आपण कोण, हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

एका कंपनीचा फोर्क दुसऱ्या कंपनीच्या डेकला चालतो का? चालतो, मापं जुळली की. फ्रान्सच्या एथिकचा असो, ऑस्ट्रेलियाच्या मॅड गिअरचा असो किंवा डिकॅथलॉनच्या ऑक्सेलोचा, नळीला फक्त व्यास कळतो. पण अगदी स्वस्त स्कूटरमध्ये फोर्कला वरून आटे असतात आणि हेडसेट त्यावर नटासारखा फिरवून बसवलेला असतो. तिथे एकेक पार्ट बदलत बसण्यात अर्थ नाही. चाकं बदला, ती पुढच्या स्कूटरला लावता येतील. बाकीचे पैसे साठवा.

हँडल क्रोमोली पोलादाचं, ॲल्युमिनियमचं किंवा टायटॅनियमचं असतं. पोलाद जड पण चिवट, ॲल्युमिनियम हलकं. टायटॅनियम हलकंही आणि चिवटही, आणि किंमत ऐकून पालक गप्प बसतात. उंचीसाठी साधा ठोकताळा असा की डेकवर ताठ उभं राहिल्यावर हँडल कमरेच्या आसपास यावं. जास्त उंच असेल तर खालून हॅकसॉने कापता येतं, कड कानशीने घासून गुळगुळीत करायची आणि पद्धतीनुसार चीर पुन्हा पाडायची. कापताना कमीच कापा. मुलं वाढतात, नळी वाढत नाही.

आणि हँडलच्या दोन्ही टोकांची बुचं, बारएंड. ही सगळ्यात स्वस्त वस्तू, आणि सगळ्यात दुर्लक्षित. उघडी नळी म्हणजे गोल पातं. पडताना ती पोटात किंवा मांडीत घुसून गंभीर जखमा होतात. ग्रिपचं टोक फाटून धातू दिसू लागला की त्या दिवशी स्कूटर बाहेर काढू नका. हेल्मेटइतकाच हा नियम पक्का ठेवा.

मागच्या ब्रेकचा पत्रा थरथरत असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा त्याच्याखाली सरकवा आणि ब्रेकच्या बोल्टला, तो आपोआप सैल होऊ नये म्हणून, निळ्या थ्रेडलॉकरचा (आट्यांना लावायच्या चिकट द्रवाचा) एक थेंब लावा. लाल नको, तो तापवल्याशिवाय सुटत नाही.

चिरा

महिन्यातून एकदा स्कूटर पुसून उजेडात धरा. हेडट्यूब डेकला जोडलेली जागा, हँडलचा आडवा-उभा सांधा आणि फोर्कचे खांदे नीट बघा. केसाएवढी रेघ दिसली आणि नख फिरवल्यावर अडकलं, तर ती रंगाची नव्हे, धातूची चीर आहे.

इथे हमखास सुचणारा उपाय म्हणजे कोपऱ्यावरचा वेल्डर. लोखंडी गेटला तो चालतो, इथे चालणार नाही. डेक बहुधा ६०६१ जातीच्या ॲल्युमिनियमचा असतो आणि कारखान्यात ठरावीक तापमानाची प्रक्रिया करून त्याला टी६ दर्जाचा कणखरपणा आणलेला असतो. वेल्डिंगच्या उष्णतेने जोडाभोवतीचा तो कणखरपणा उतरतो. डेक बनवतानाही आधी वेल्डिंग आणि मग ही प्रक्रिया, असाच क्रम असतो. कोपऱ्यावर भट्टी नसते. त्यामुळे वेल्ड कितीही सुबक दिसला तरी डेक त्याच्या शेजारीच पुन्हा तुटतो, बहुधा उडीतून खाली येताना.

जुनी स्कूटर घेतानाही हीच तपासणी आधी करा. ओरखडे, उडालेला रंग, झिजलेली चाकं, फाटकी ग्रिपटेप यांची चिंता नको, ते भाव पाडायला कामी येतात. हेडट्यूबच्या सांध्यावर ताजा रंग किंवा स्टिकर दिसला तर तो काढून बघू द्या म्हणावं. विकणारा नाही म्हणाला तर स्कूटर त्याच्याकडेच राहू द्यावी.